शौचालयापासून पाळण्यापर्यंत



गेल्या पाव शतकात महाराष्ट्रातील खेड्यांचे बाह्य रूप पुष्कळ पालटले आहे. सन २००० मध्ये राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले. गावे स्वतःच्या श्रमाने झाडून काढण्याची चढाओढ गावागावांत लागली. २ ऑक्टोबर २०१४ रोजी स्वच्छ भारत अभियानाचा आरंभ झाला आणि २०१८ साली राज्याचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले. हातात खराटा घेऊन दिवसा गाव झाडणारे आणि रात्री कीर्तनातून मने झाडणारे गाडगे महाराज १९५६ साली निवर्तले. त्यांच्या पश्चात अर्ध्या शतकाने त्यांचे काम शासनाच्या आणि लोकांच्या कार्यक्रमपत्रिकेवर आले, ही समाधानाची गोष्ट आहे.

तथापि स्वच्छतेचा खरा हिशेब बांधलेल्या शौचालयांच्या संख्येत मांडता येत नाही. तो घरातील सर्वांत लहान जिवाच्या प्रकृतीवरून मांडावा लागतो. ज्या घरात शौचालय आहे, नळ आहे, भिंतीवर घोषवाक्य आहे, त्याच घरातील दीड वर्षाचे मूल पावसाळ्यात तीन वेळा जुलाबाने आजारी पडत असेल, तर स्वच्छतेचे काम उंबरठ्यापर्यंत येऊन थांबले आहे, असेच म्हणावे लागेल. शौचालयापासून पाळण्यापर्यंतचे अंतर काही पावलांचेच असते. ते कसे ओलांडावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

आजाराचे स्वरूप

जुलाब हा आपल्याकडे किरकोळ आजार समजला जातो. दात येताना जुलाब होतातच, पाऊस पडला की पोट बिघडतेच, असे मानून घरातील वडीलधारी मंडळी निर्धास्त राहतात. वस्तुस्थिती निराळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात पाच वर्षांखालील सुमारे ४ लाख ४० हजार बालके दरवर्षी अतिसाराने दगावतात. भारतातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ या पाचव्या फेरीत, सर्वेक्षणापूर्वीच्या केवळ दोन आठवड्यांत पाच वर्षांखालील दर शंभर बालकांपैकी सात बालकांना जुलाब झाल्याचे आढळले. वर्षातील सर्व आठवड्यांचा विचार केला, म्हणजे हा आजार किती घरांत पुनःपुन्हा शिरतो याची कल्पना येते.

मृत्यू टळला तरी हानी टळत नाही. जुलाब चालू असता मुलाची भूक मंदावते, खाल्लेले अंगी लागत नाही आणि वजन घटते. घटलेल्या वजनाचे मूल पुढील आजारास लवकर बळी पडते. कुपोषणातून जुलाब आणि जुलाबातून कुपोषण असे हे दुष्टचक्र आहे. अंगणवाडीच्या नोंदवहीत ज्या मुलाच्या वजनाची रेषा पावसाळ्यानंतर खाली झुकलेली दिसते, त्याच्या मागील दोन महिन्यांची चौकशी केल्यास बहुधा जुलाबाचाच इतिहास हाती लागतो.

दातांविषयीच्या समजुतीत निरीक्षण खरे आहे, परंतु कारण चुकीचे आहे. सहाव्या महिन्यानंतर मुलाला दात येऊ लागतात, त्याच सुमारास ते रांगू लागते, हाती येईल ती वस्तू तोंडात घालते, वरचे अन्न व पाणी घेऊ लागते आणि आईकडून जन्मतः मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरू लागते. जुलाबाचे मूळ दातांत नसते. ते जमिनीवर, बोटांवर आणि वाटीत असते.

शौचालये झाली, जुलाब का राहिले?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा एक मोठा प्रयत्न ओडिशा राज्यातील पुरी जिल्ह्यात झाला. तेथील १०० खेड्यांपैकी निम्म्या खेड्यांत शौचालये बांधण्याची मोहीम राबविण्यात आली व उरलेल्या खेड्यांशी त्यांची तुलना करण्यात आली. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मोहीम झालेल्या गावांत शौचालय असलेल्या घरांचे सरासरी प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेले होते. परंतु पाच वर्षांखालील बालकांतील जुलाबाचे प्रमाण मोहीम झालेल्या गावांत ८.८ टक्के, तर न झालेल्या गावांत ९.१ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच राहिले. शौचालये बांधली गेली होती. पण सर्वांकडून ती नित्य वापरली जात नव्हती आणि लहान मुलांच्या विष्ठेची विल्हेवाट पूर्वीप्रमाणेच उघड्यावर होत होती.

याच्या शेजारी बांगलादेशातील खेड्यांत झालेला आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास ठेवून पाहण्यासारखा आहे. तेथे शौचालयाच्या सुधारणेबरोबरच प्रत्येक कुटुंबाला लहान मुलासाठी शौचपात्र आणि अंगणातील विष्ठा उचलण्यासाठी खुरप्यासारखे अवजार देण्यात आले. गावातीलच कार्यकर्त्या वारंवार घरी येऊन या वस्तूंचा वापर होतो की नाही ते पाहत. कोणतीही मदत न मिळालेल्या घरांत बालकांतील जुलाबाचे प्रमाण ५.७ टक्के होते. या घरांत ते ३.५ टक्क्यांवर आले. साबणाने हात धुण्याची सोय व शिकवण मिळालेल्या घरांतही ते तितकेच, ३.५ टक्के, आढळले. केनियातील अशाच स्वरूपाच्या प्रयोगात मात्र अशी घट दिसली नाही. तेथे कार्यकर्त्यांच्या घरभेटी पुष्कळच विरळ होत्या. बांगलादेशातही केवळ स्वच्छतेच्या उपायांनी मुलांची उंची वाढली नाही, हेही नमूद केले पाहिजे. मुलाच्या वाढीसाठी पुरेसा आहार लागतो. त्याची जागा स्वच्छता घेऊ शकत नाही.

या अभ्यासांतून एक बोध स्पष्टपणे निघतो. बांधकाम ही स्वच्छतेची पहिली पायरी आहे. पुढील पायऱ्या सवयीच्या आहेत, आणि सवय लावण्यासाठी माणसाला माणसाकडे पुनःपुन्हा जावे लागते.

रोगाच्या पाच वाटा

एका माणसाच्या विष्ठेतील रोगजंतू दुसऱ्याच्या तोंडापर्यंत पोहोचतात ते मुख्यतः पाच वाटांनी: पाणी, बोटे, माश्या, माती आणि अन्न. सार्वजनिक आरोग्यशास्त्रात हे सूत्र १९५० च्या दशकापासून शिकविले जाते. शौचालयामुळे या वाटांच्या मुखाशी बांध पडतो. परंतु बांधाला एक जरी भगदाड राहिले, तरी पाणी तेथून वाहतेच. घरातील पाच माणसे शौचालयात जातात आणि सहावा, एक वर्षाचा, अंगणात बसतो. भगदाड ते येथेच आहे.

लहान मुलाची शी निरुपद्रवी असते, तिला वास नसतो, ती दूधपित्याची असते, अशी समजूत घरोघर आढळते. म्हणून ती दुपट्यासकट मोरीत धुतली जाते, राख टाकून उकिरड्यावर भिरकावली जाते किंवा कुत्र्याला साफ करू दिली जाते. वास्तविक जुलाबाचे रोगजंतू सर्वाधिक आढळतात ते लहान मुलांच्याच विष्ठेत, कारण सर्वाधिक आजारी पडतात ती लहान मुलेच. रोटा विषाणूची बाधा झालेल्या बालकाच्या एका ग्रॅम विष्ठेत अब्जावधी विषाणू असू शकतात, आणि दुसऱ्या बालकाला बाधा होण्यास शंभराच्या आतही ते पुरेसे ठरतात. त्याच अंगणात, त्याच मोरीपाशी दुसरे मूल रांगत असते.

उपाय साधा आहे. मूल बसू लागले की त्याला शौचपात्रावर बसविण्याची सवय लावावी. तत्पूर्वी शी कापडावर किंवा कागदावर घेऊन ती शौचालयाच्या भांड्यात टाकावी व पाणी ओतावे. माखलेले दुपटे प्रथम शौचालयात खळबळून मग साबणाने धुवावे व उन्हात वाळवावे. भांडी घासण्याच्या जागी ते कधीही धुऊ नये. अलीकडे खेड्यांतही एकदा वापरून टाकायचे डायपर येऊ लागले आहेत. त्यांतील विष्ठा शौचालयात झटकून मगच डायपर कचऱ्यात द्यावा. मात्र डायपर शौचालयाच्या भांड्यात टाकू नये, अन्यथा नळी तुंबून सगळ्या घराचेच शौचालय बंद पडते. अंगणात मुलाने केलेली शी खुरप्याने मातीसह उचलून शौचालयात टाकावी.

या ठिकाणी शौचालयाच्या रचनेचाही विचार करावयास हवा. दोन शोषखड्ड्यांचे, जलबंद असलेले शौचालय खेड्यासाठी सोयीचे आहे. त्याच्या उतरत्या भांड्याला दीड-दोन लिटर पाणी पुरते. एक खड्डा भरला म्हणजे प्रवाह दुसऱ्याकडे वळवावयाचा. पहिल्यातील मैला वर्ष-दीड वर्षात कुजून त्याचे निर्धोक खत होते. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी सोप्या संडासाचा प्रचार केला, तर देहू येथे वैद्यकीय अधिकारी म्हणून आलेले डॉ. सुहास विठ्ठल मापुसकर यांनी घरोघरच्या शौचालयांसाठी आणि मैल्यापासून जैववायू निर्माण करणाऱ्या शौचालयांसाठी आपले आयुष्य वेचले. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. रोग्यावर औषधोपचार करणाऱ्या डॉक्टराने संडासाच्या खड्ड्यात लक्ष घालावे, यातच या विषयाचे मर्म आहे.

हात

पाचही वाटा अखेर ज्या चौकात एकत्र येतात, तो चौक म्हणजे आईचा, आजीचा किंवा थोरल्या बहिणीचा हात. साबणाने हात धुण्याच्या सवयीने जुलाबाचे प्रमाण साधारणतः तिसऱ्या हिश्शाने घटते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षांतून दिसते. कराची शहरातील वस्त्यांत झालेल्या व २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर ही घट निम्म्याहून अधिक होती. शिवाय त्याच साबणाने पाच वर्षांखालील मुलांतील न्यूमोनियाही निम्म्यावर आला.

हात केव्हा धुवावेत, हे पाठ होण्याजोगे आहे: शौचाहून आल्यावर, मुलाला धुतल्यावर, स्वयंपाकास हात घालण्यापूर्वी, मुलाला भरविण्यापूर्वी आणि स्वतः जेवण्यापूर्वी. यांतील दुसरा प्रसंग सर्वाधिक निसटतो. मुलाला धुतलेला हात पदराला पुसून तसाच पिठाच्या परातीत जातो.

येथे आईला दोष देणे सोपे आहे, आणि अन्यायाचे आहे. ज्या बाईला उन्हाळ्यात दोन हंडे पाण्यासाठी टेकडी चढावी लागते, तिला दिवसातून दहा वेळा हात धुण्याचा उपदेश करणे म्हणजे तिची चेष्टा करण्यासारखे आहे. पाणी हाताशी असेल तर हात धुतले जातात. म्हणून हात धुण्याची जागा स्वयंपाकघराजवळ आणि शौचालयाच्या दाराशी असावी. नळ नसेल तेथे पाच लिटरचा प्लॅस्टिकचा डबा आडव्या काठीला टांगून, पायाने दोरी दाबली की डबा कलेल अशी योजना करता येते. अशा डब्यातून एका वेळी अगदी थोड्या पाण्यात हात धुऊन होतात. साबणाची वडी जाळीच्या पिशवीत घालून शेजारीच टांगावी. पाणी आणणे आणि मुलाला धुणे ही कामे बाईचीच, हा समजही आता सोडावयास हवा. बापाने मुलाची शी काढली तर त्याचे पुरुषत्व उणावत नाही.

घरातील पाणी

विहिरीचे वा टाकीचे पाणी शुद्ध असले, तरी ते घरात येऊन पिणाऱ्याच्या ओठांपर्यंत जाईतो अशुद्ध होऊ शकते. हंड्यात बुडालेली बोटे, फडक्याविना उघडा राहिलेला माठ आणि माठात बुडविलेला पेला ही त्याची कारणे होत. माठाला तोटी असावी. नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे वापरावे व ते खिळ्याला अडकवून ठेवावे. जुलाबाची साथ असता पाणी उकळून गार करून द्यावे, किंवा आरोग्य कर्मचाऱ्याने दिलेले क्लोरीनचे द्रावण सांगितलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबावे.

गावाच्या टाकीत ब्लीचिंग पावडर टाकणे ही ग्रामपंचायतीची जबाबदारी आहे. नळाच्या शेवटच्या टोकाला, म्हणजे टाकीपासून सर्वांत दूरच्या वस्तीत, दर लिटर पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावयास हवा. बरेचदा परीक्षण होते ते टाकीजवळच्या नळावर, आणि आजारी पडते ती शेवटची वस्ती. पावडर ओल्या खोलीत, उघड्या पोत्यात ठेवली तर तिच्यातील क्लोरीन उडून जातो आणि मागे केवळ चुन्याची भुकटी उरते. ती कितीही ओतली तरी व्यर्थ आहे. राज्यात पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड देण्याची पद्धत आहे. कार्डाचा रंग ग्रामसभेत वाचून दाखविला गेला पाहिजे आणि तो लाल असल्यास त्याचे कारणही सांगितले गेले पाहिजे. गळक्या जलवाहिनीशेजारून वाहणारे गटार हे ते कारण अनेकदा असते.

आईचे दूध आणि बाळघुटी

पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, पाण्याचा थेंबही नाही, हा जुलाबापासूनचा सर्वांत स्वस्त बचाव होय. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात देशातील सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बालकांना केवळ आईचे दूध मिळत असल्याचे दिसले. म्हणजे तिघांतील एका बालकाच्या पोटात इतर काही ना काही जातच होते. आपल्याकडे ते बहुधा मध, साखरेचे पाणी किंवा सहाणेवर उगाळलेली बाळघुटी असते. घुटीमागील माया खरी आहे. परंतु ओली राहणारी सहाण, तिच्यावर ओतलेले साधे पाणी आणि भरविणारे बोट यांतून रोगजंतूंना थेट वाट मिळते. दुधाच्या बाटलीचे बूचही नीट स्वच्छ करणे अवघड असते. वरचे दूध द्यावेच लागले तर ते वाटी-चमच्याने द्यावे. सहा महिन्यांनंतरचे अन्न ताजे शिजवून लगेच भरवावे. सकाळचा भात दुपारी भरवावयाचा असल्यास तो पुन्हा चांगला तापवावा.

रोटा विषाणूवरील लसीचा देशाच्या लसीकरण कार्यक्रमात २०१६ पासून टप्प्याटप्प्याने समावेश झाला. बाळाला ती सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांत तोंडावाटे दिली जाते. लस घेतली म्हणून साबण सोडावा असे मात्र नाही. इतर अनेक जंतूंनीही जुलाब होतात.

जुलाब झालेच तर

एवढी दक्षता घेऊनही मूल आजारी पडू शकते. अशा वेळी जीव जातो तो मुख्यतः शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. म्हणून पाणी तोडणे ही जुलाबातील सर्वांत घातक चूक ठरते. पोटाला विश्रांती हवी म्हणून लंघन घडविणे आणि पाणी दिले तर जुलाब वाढतील म्हणून ते बंद करणे, या दोन्ही गोष्टींनी मुलाची शक्ती आणखी खालावते.

१९७१ साली तत्कालीन पूर्व पाकिस्तानातून लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील निर्वासितांत पटकीची साथ पसरली आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांची मिश्रणे तयार करवून ती पाण्यात मिसळून रोग्यांच्या नातलगांच्या हाती दिली व ती सतत पाजण्यास सांगितले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. ते ४ टक्क्यांच्या आत आले. आतड्यात साखर शोषली जाताना ती आपल्याबरोबर मिठालाही आत नेते आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते, हे त्यामागील साधे शास्त्र आहे. जुलाब चालू असतानाही ही क्रिया सुरूच राहते. बांगलादेशात १९८० च्या दशकात ‘ब्रॅक’ संस्थेच्या कार्यकर्त्यांनी सुमारे सव्वा कोटी घरांत जाऊन मीठ-गुळाचे पाणी बनविण्यास मातांना शिकविले. आई किती शिकली हे पाहून कार्यकर्तीचे मानधन ठरत असे.

या शोधाच्या भूमीतच आजही तो प्रत्येक मुलापर्यंत पोहोचत नाही. २०१९-२१ च्या सर्वेक्षणानुसार देशात जुलाब झालेल्या बालकांपैकी ६०.६ टक्क्यांना ओ.आर.एस. अर्थात जलसंजीवनी मिळाली आणि जस्ताच्या, म्हणजे झिंकच्या, गोळ्या केवळ ३०.५ टक्क्यांना मिळाल्या. ही दोन्ही औषधे आशा कार्यकर्तीकडे व आरोग्य उपकेंद्रात विनामूल्य मिळतात.

जलसंजीवनीची मोठी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवावी. अर्धी पुडी अंदाजाने वापरू नये. तयार पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. दर पातळ जुलाबानंतर दोन वर्षांखालील मुलाला ५० ते १०० मिलिलिटर आणि त्याहून मोठ्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर, चमच्याचमच्याने पाजावे. उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा सावकाश सुरू करावे. पुडी मिळेपर्यंत एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून घरीच पाणी करावे. आईचे दूध चालू ठेवावे. मोठ्या मुलाला पेज, मऊ भात, वरण, ताक द्यावे. झिंकची गोळी सहा महिन्यांवरील मुलाला २० मिलिग्रॅम आणि दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, चौदा दिवस द्यावी. जुलाब थांबले तरी गोळ्या पूर्ण कराव्यात. पुढील काही महिन्यांत पुन्हा जुलाब होण्याची शक्यता त्यामुळे घटते. जुलाब एकदम बांधणारी औषधे व प्रतिजैविके वैद्यकीय सल्ल्यावाचून देऊ नयेत.

मात्र काही लक्षणे दिसताच क्षणाचाही विलंब न लावता आरोग्य केंद्र गाठावे: मूल गळून गेले आहे, डोळे खोल गेले आहेत, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली असता हळूहळू पूर्ववत होते, लघवी होत नाही, मूल काही पिऊ शकत नाही, सारख्या उलट्या होतात किंवा शौचात रक्त आहे. वाटेतही जलसंजीवनी पाजत राहावे.

गावाने काय करावे

जामखेड येथे १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी गावातीलच, बहुधा निरक्षर, स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण दिले आणि मीठ-साखरेच्या पाण्यापासून प्रसूतीपर्यंतचे ज्ञान त्यांच्या हाती सोपविले. गावातील बाईचे गावातील बाई ऐकते, हा त्या कामाचा आधार होता. आज प्रत्येक गावात आशा आणि अंगणवाडी सेविका आहेत. त्यांच्या घरभेटींना बळ देणे ग्रामपंचायतीच्या हाती आहे.

पावसाळ्यापूर्वी ग्रामपंचायतीने चार गोष्टींचा आढावा घ्यावा: जलवाहिनीची गळती, शेवटच्या नळावरील क्लोरीन, नादुरुस्त शौचालये आणि आशाकडील जलसंजीवनी व झिंक यांचा साठा. दोन वर्षांखालील मूल असलेल्या घरांची यादी गावात फार मोठी नसते. त्या प्रत्येक घरी मुलाची शी कोठे जाते, एवढा एकच प्रश्न प्रथम विचारावा. गरजू घरांना शौचपात्र देण्यास मोठा खर्च येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या वर्षांच्या ग्रामीण स्थानिक संस्थांच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छता यांसाठी राखून ठेवली होती. यावरून या कामाला राष्ट्रीय स्तरावर किती महत्त्व दिले गेले ते दिसते. निधीचा विनियोग मात्र गावानेच ठरवावयाचा असतो.

शिक्षकांचे स्थान यात विशेष आहे. शालेय पोषण आहारापूर्वी मुले रांगेत साबणाने हात धुतात ती सवय घरी जाते. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणारी चौथी-पाचवीतील मुलगी ही घरातील दुसरी आईच असते. तिला जलसंजीवनी बनविता आली, खोल गेलेले डोळे ओळखता आले आणि भावाला धुतल्यावर हात धुवावयाचे असतात हे ठाऊक असले, तर तो अभ्यासक्रमाचा मोठाच भाग पूर्ण झाला. साक्षरतेची ही परीक्षा कागदावर होत नाही.

ग्रामसभेत शौचालयांची संख्या दर वर्षी वाचली जाते. तिच्या बरोबरीने आणखी एक आकडा वाचला जावा: गेल्या पावसाळ्यात गावातील किती मुलांना जुलाब झाले आणि त्यांतील किती मुलांना पहिल्याच दिवशी जलसंजीवनी मिळाली. पहिला आकडा घटत गेला आणि दुसरा पहिल्याच्या बरोबरीस आला, म्हणजे शौचालयापासून पाळण्यापर्यंतचा रस्ता त्या गावाने बांधला, असे खुशाल समजावे.